कुलूपबंद बॅगेतला संसार

केंटमधील सिसिंगहर्स्टच्या मनोऱ्यात व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांची लिहिण्याची खोली होती. घरातल्या माणसांनाही तेथे सहसा प्रवेश नसे. २ जून १९६२ रोजी त्यांचे निधन झाले आणि धाकटे चिरंजीव नायजेल आईची कागदपत्रे आवरू लागले, तेव्हा त्यांना एक कुलूपबंद चामडी बॅग सापडली. किल्ली मिळेना. अखेर कुलपाभोवतीचे चामडे कापावे लागले. आत एक वही होती. एका स्त्रीवर जडलेल्या आपल्या प्रेमाची हकीकत व्हिटा यांनी १९२० साली तीत लिहून ठेवली होती.

व्हिटा यांचा जन्म ९ मार्च १८९२ रोजी नोल या शेकडो खोल्यांच्या वाड्यात झाला. सरदार घराण्यातील ही एकुलती एक मुलगी. पण मुलगी असल्यामुळेच १९२८ मध्ये वडील वारल्यावर वाडा काकांकडे गेला. ती सल त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. १९१३ मध्ये याच वाड्यातील प्रार्थनामंदिरात हॅरल्ड निकल्सन या तरुण मुत्सद्द्याशी त्यांचा विवाह झाला. १९१४ मध्ये बेनेडिक्ट आणि १९१७ मध्ये नायजेल जन्मले. मधले एक मूल मृतावस्थेतच जन्माला आले.

वरवर पाहता हा सुखी, सुस्थित संसार होता. १९१७ च्या अखेरीस मात्र हॅरल्ड यांना आपल्या पुरुषांशी असलेल्या संबंधांची कबुली पत्नीजवळ द्यावी लागली. पुढच्याच वर्षी व्हिटा बालमैत्रीण व्हायोलेट केपेल हिच्या प्रेमात आकंठ बुडाल्या. पुरुषी पोशाख करून त्या तिच्यासोबत पॅरिसमध्ये हिंडत. हिवाळ्याचे महिनेच्या महिने त्यांनी फ्रान्समध्ये काढले, मुले मात्र इंग्लंडमध्येच राहिली. १९१९ मध्ये व्हायोलेटचे डेनिस ट्रेफ्युसिस यांच्याशी लग्न झाले, तरी हे प्रकरण थांबले नाही. फेब्रुवारी १९२० मध्ये दोघी कायमचे निघून जाण्याच्या इराद्याने फ्रान्सला गेल्या आणि त्यांचे पती छोट्या विमानातून त्यांच्या मागोमाग आमियाँ येथे पोहोचले. तेव्हा थोरला मुलगा पाच वर्षांचा होता, धाकटा तीन. व्हिटा परतल्या. या साऱ्यात डेनिस यांची जी फरफट झाली, तिची दखल व्हिटा यांचे चाहते फारशी घेत नाहीत.

आश्चर्य आहे ते यापुढचे. अशा वादळानंतर संसार मोडेल असेच कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात तो स्थिरावला. दोघांनी परस्परांचा कल मान्य केला, लपवाछपवी सोडली आणि दूर असताना एकमेकांना जवळजवळ रोज पत्रे लिहिली. ही पत्रे हजारोंच्या संख्येत आहेत. व्हर्जिनिया वुल्फ यांच्याशी व्हिटा यांचे प्रेमसंबंध जुळले, तेही हॅरल्ड यांना ठाऊक होते. त्यातूनच १९२८ मध्ये वुल्फ यांची 'ऑर्लँडो' ही कादंबरी जन्मली. तिचा नायक पुढे स्त्री होतो, पण वडिलोपार्जित घर त्याच्या हातून जात नाही. १९२९ मध्ये या दांपत्याने बीबीसी रेडिओवर विवाह या विषयावर संवादही केला. श्रोत्यांना आतली गोष्ट अर्थातच ठाऊक नव्हती. पुरुषांमधील खासगी समलिंगी संबंध इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत गुन्हाच होते आणि हॅरल्ड १९३५ ते १९४५ या काळात खासदार होते. हे गुपित फुटते तर त्यांची कारकीर्दच संपली असती.

१९३० मध्ये त्यांनी सिसिंगहर्स्टचे पडके अवशेष विकत घेतले. बागेची आखणी हॅरल्ड यांची, लागवड व्हिटा यांची. त्यांच्या दांपत्यजीवनाचे खरे अपत्य ही बागच, असे म्हटले तर दोन्ही मुलांवर अन्याय होईल. पण बागेला जितका वेळ मिळाला तितका मुलांना मिळाला नाही, हेही खरे. मुले दाया आणि वसतिगृहांच्या हाती वाढली. त्या काळच्या उच्चवर्गात हे सर्रास होते, त्यामुळे आईच्या दुराव्याचा दोष तिच्या समलिंगी प्रेमावर ढकलणे सोपे असले तरी योग्य नाही. वडील मुलांत अधिक रमत. आईवडिलांच्या खासगी आयुष्याची वार्ता थोरल्या मुलाला कळली ती आजीच्या तोंडून, ऐन तारुण्यात. नोकरचाकर आणि पैसा नसता तर ही तडजोड इतकी वर्षे टिकली असती का, हा प्रश्नही उरतोच.

तरीही दोन्ही मुले कर्तबगार निघाली. बेनेडिक्ट कला-इतिहासकार झाले आणि १९४७ पासून मृत्यूपर्यंत 'बर्लिंग्टन मॅगेझिन'चे संपादक राहिले. नायजेल प्रकाशक झाले, खासदारही झाले. पत्नी गेल्यावर हॅरल्ड खचले ते पुन्हा सावरले नाहीत. १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले. व्हायोलेट १९७२ मध्ये वारल्या. तोवर नायजेल यांनी वही प्रकाशित केली नव्हती. १९७३ मध्ये 'पोर्ट्रेट ऑफ अ मॅरेज' या नावाने ती पुस्तकरूपात आली, तेव्हा मुलानेच आईची गुपिते चव्हाट्यावर मांडल्याबद्दल अनेकांनी नाके मुरडली. पुस्तकाचे पाच भाग आहेत. त्यांतील दोन आईच्या वहीतले आहेत आणि उरलेले तीन मुलाने लिहिले आहेत.