काचेच्या तंतूंतून पोटात पोचलेला हॅरॉल्ड हॉपकिन्स

शौचावाटे रक्त पडू लागले की आपल्याकडे बहुतेकांच्या तोंडी पहिले नाव येते ते मूळव्याधीचे. महिनोन्महिने त्याच समजुतीवर औषध चालते. डॉक्टरांनी आग्रहच धरला, तर शिरूरचा रुग्ण नगर रस्त्याने आणि दौंडचा रेल्वेने पुणे गाठतो आणि कोलोनोस्कोपी करून घेतो. पोट साफ करणारे औषध आदल्या दिवशी पिऊन एवढा प्रवास करणे हे तपासणीपेक्षाही अवघड काम! तपासणीत मात्र बोटाएवढ्या जाडीची लवचिक नळी मोठ्या आतड्याच्या वळणावळणांतून पार शेवटापर्यंत जाते आणि आतले दृश्य पडद्यावर दिसते. या नळीचा उगम शोधत गेले तर वाट लंडनच्या एका गरीब वस्तीत जाते.

हॅरॉल्ड हॉपकिन्सचा जन्म ६ डिसेंबर १९१८ रोजी दक्षिण लंडनमधील कॅम्बरवेल येथे झाला. घरची परिस्थिती बेताची. हुशारीवर शिष्यवृत्ती मिळाली म्हणून शिक्षण झाले. लेस्टरच्या महाविद्यालयातून भौतिकशास्त्र घेऊन तो बाहेर पडला तेव्हा दुसरे महायुद्ध तोंडावर आले होते. भिंगे बनवणाऱ्या कारखान्यांत काम करता करता तो या विषयात मुरला आणि १९४७ मध्ये लंडनच्या इंपिरियल कॉलेजात संशोधक म्हणून रुजू झाला. त्याचे पहिले गाजलेले काम क्रिकेटशी निगडित आहे. त्या काळी टीव्ही कॅमेऱ्यावर लांबचे दृश्य जवळ आणायचे तर भिंग बदलावे लागे आणि तेवढ्यात चेंडू कुठल्या कुठे जाई. बीबीसीसाठी हॉपकिन्सने १९४८ मध्ये झूम भिंग तयार केले. आज मोबाइलवर दोन बोटांनी चित्र मोठे करणाऱ्याला हे नाव ठाऊक नसते, ही गोष्ट वेगळी.

१९५१ मध्ये एका मेजवानीत त्याच्या शेजारी ह्यू गेन्सबरो नावाचे डॉक्टर बसले होते. जठर तपासायच्या त्यावेळच्या नळ्या जवळपास ताठ असत. रुग्णाच्या घशातून त्या उतरवणे म्हणजे छळच, शिवाय जठराचे काही कोपरे दिसतच नसत. आतड्याची स्थिती याहून वाईट होती. गुदद्वारातून घालायची सरळ नळी जेमतेम पंचवीस सेंटिमीटर आत जाई आणि मोठे आतडे तर सुमारे दीड मीटर लांब! पुढच्या भागासाठी क्ष-किरणांच्या सावल्यांवर विसंबायचे, नाहीतर पोट उघडायचे. गेन्सबरोंची तक्रार हॉपकिन्सच्या डोक्यात घर करून राहिली.

वाकलेल्या काचेच्या कांडीतून प्रकाश वळतो हे आधीपासून माहीत होते. पण चित्र न्यायचे तर केसाएवढे हजारो तंतू लागतात आणि ते दोन्ही टोकांना अगदी एकाच क्रमाने बसावे लागतात. एकदा क्रम चुकला की चित्राचा चिवडा. हॉपकिन्सने तोडगा काढला तो एखाद्या विणकराला सुचावा तसा. एकच लांब तंतू दोन खुंट्यांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखा गुंडाळत जायचा, थोडा भाग राळेत पक्का करायचा आणि तिथेच कापायचा. दोन्ही टोकांचा क्रम आपोआप सारखा! या कामी त्याला साथ मिळाली ती पंजाबमधील मोगा येथून आलेल्या नरिंदरसिंग कपानी या तरुण संशोधकाची. २ जानेवारी १९५४ रोजी ‘नेचर’मध्ये दोघांचा लेख आला.

तरी ब्रिटनमधील उद्योगांनी त्यात रस घेतला नाही. लेख वाचून बेसिल हर्शोविट्झ हा डॉक्टर लंडनला आला आणि कल्पना घेऊन अमेरिकेत मिशिगनला परतला. एकमेकांना चिकटलेल्या तंतूंमधून प्रकाश झिरपतो, ही अडचण तिथे प्रत्येक तंतूवर दुसऱ्या काचेचे आवरण चढवून सुटली. १९५७ मध्ये हर्शोविट्झने ती लवचिक दुर्बीण आधी स्वतःच्याच घशात घालून पाहिली.

इथून आतड्यापर्यंतचा प्रवास वेगाने झाला. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी याच नळीतून तारेचा फास सोडून आतड्यातील पॉलिप काढला. मोठ्या आतड्याचे बहुतेक कर्करोग अशाच लहान कोंबांतून, बरीच वर्षे घेऊन वाढतात. सगळेच कोंब तसे वळण घेत नाहीत, पण कोणता घेईल हे वरून सांगता येत नाही, म्हणून दिसला की काढतात. तेव्हा कर्करोग टळणे हे आधी तो कोंब दिसण्यावर अवलंबून आहे.

हॉपकिन्सची झोळी मात्र रिकामीच. मूत्राशयाच्या दुर्बिणीसाठी १९५९ मध्ये त्याने हवेऐवजी काचेच्या लांब कांड्यांनी भरलेली नळी शोधली. चित्र कितीतरी उजळ झाले. तीही मायदेशात कोणाला नको होती. शेवटी जर्मनीतील कार्ल स्टोर्झने ती घेतली आणि १९६७ मध्ये बाजारात आणली. पित्ताशयाची दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया याच जातीच्या दुर्बिणीवर उभी राहिली. पुढे तो रेडिंग विद्यापीठात प्राध्यापक झाला, १९८४ मध्ये रॉयल सोसायटीचे रम्फर्ड पदक मिळाले आणि २२ ऑक्टोबर १९९४ रोजी तो वारला.

त्याच्या हयातीतच चित्र नेणाऱ्या तंतूंची जागा नळीच्या टोकावरच्या इवल्या कॅमेऱ्याने घेतली. मग चित्र अधिक बारकाईने दिसू लागले, रक्तवाहिन्यांची नक्षी उठून दाखवणारा निळा-हिरवा प्रकाश आला आणि आता शंकास्पद जागेभोवती चौकट काढून दाखवणारा संगणकही आला आहे. आतड्याच्या भिंतीला चपटे चिकटलेले कोंब, जे पूर्वी नजरेतून निसटत, ते यामुळे जास्त सापडतात. तरीही एकाच रुग्णाची लागोपाठ दोनदा तपासणी करून पाहिली तेव्हा पाचातला एखादा कोंब पहिल्या वेळी निसटल्याचे आढळले. त्यांतले बहुतेक अगदी लहान. घडीमागे दडलेला किंवा मळाखाली झाकलेला कोंब कोणत्याही कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणून डॉक्टर नळी सावकाश बाहेर काढतात, आणि म्हणूनच आदल्या दिवशीच्या त्या नकोशा औषधाचा शेवटचा घोटही प्यावा लागतो.

चित्राचे काम कॅमेऱ्याकडे गेले, पण अनेक दुर्बिणींत आतड्याच्या अंधारात उजेड आजही काचेच्या तंतूंच्या जुडग्यातूनच पोचतो.