दूरच्या खेड्याचा अग्रहक्क

डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव घेतले की थुंब्याचा समुद्रकिनारा आणि तेथून झेपावणारा अग्निबाण डोळ्यांसमोर उभा राहतो. भारतीय अवकाश-संशोधनाचे प्रवर्तक ही त्यांची ओळख यथार्थच आहे. परंतु तिच्या तेजात त्यांच्या विचाराचा एक महत्त्वाचा पैलू झाकोळून जातो. विशाल आणि विषम देशात प्रसारमाध्यमांनी आधी कोणत्या प्रदेशात पोहोचावे, हा प्रश्न त्यांनी आर्थिक विकासाचा प्रश्न म्हणून हाती घेतला आणि त्याचे उत्तर रूढ रीतीच्या नेमके उलट दिले. त्या उत्तराचे पुढे काय झाले, हे पाहिल्याशिवाय त्यांच्या कार्याचा हिशेब पुरा होत नाही.

१२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादेतील एका संपन्न गिरणीमालक घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अंबालाल साराभाई हे कॅलिको गिरणीचे मालक. केंब्रिजमधील शिक्षण दुसऱ्या महायुद्धामुळे खंडित झाले, तेव्हा बंगलोर येथे डॉ. चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास केला. युद्धानंतर ते केंब्रिजला परतले आणि १९४७ साली डॉक्टरेट मिळवून मायदेशी आले. त्याच वर्षी अहमदाबादेत भौतिकी संशोधनाची प्रयोगशाळा आणि वस्त्रोद्योगासाठी संशोधन संस्था अशा दोन संस्थांचा पाया त्यांनी घातला. १९६१ साली त्याच शहरात स्थापन झालेल्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. बडोद्यास त्यांनी सुरू केलेली ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप ही संस्था पुढे बाजारपेठेच्या पाहणीसाठी नावारूपाला आली. ग्राहक कोठे आहे आणि त्याची क्रयशक्ती किती, हे मोजण्याचे शास्त्र या देशात रुजविणाऱ्यांपैकी ते एक होते. बाजार कोठे जातो आणि कोठे जात नाही, हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

१९६२ साली अवकाश-संशोधनाची राष्ट्रीय समिती त्यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाली आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला. जानेवारी १९६६ मध्ये डॉ. होमी भाभा यांचे विमान अपघातात निधन झाल्यावर अणुशक्ती आयोगाची धुराही त्यांच्याकडे आली. अन्नधान्याची टंचाई असलेल्या दरिद्री देशाला हा आकाशाचा सोस कशासाठी, असा प्रश्न त्या काळी विचारला जाई आणि तो गैरवाजवी नव्हता. साराभाईंचे उत्तर असे की, श्रीमंत राष्ट्रांशी चंद्रावर जाण्याची शर्यत लावण्यासाठी नव्हे, तर आपल्या माणसांच्या दैनंदिन अडचणी सोडविण्यासाठी हे तंत्र हवे. या अडचणींत अंतर आणि अज्ञान या दोहोंना त्यांनी अग्रक्रम दिला.

त्या वेळची स्थिती काय होती? दिल्लीत दूरचित्रवाणीचा आरंभ १९५९ साली झाला आणि पुढील तेरा वर्षे ती दिल्लीपुरतीच राहिली. १९६७ साली शेतकऱ्यांसाठी 'कृषिदर्शन' सुरू झाले, तेही राजधानीभोवतीच्या ऐंशी खेड्यांसाठी. मुंबईचे केंद्र १९७२ साली आले, सिंहगडावरील सहक्षेपणामुळे १९७३ मध्ये पुण्याला चित्र दिसू लागले. मराठवाडा आणि विदर्भ वाट पाहत राहिले. यात कोणाचे कारस्थान नव्हते. जमिनीवरील मनोऱ्याचा पल्ला चाळीस-पन्नास मैलांचा. तेवढ्या वर्तुळात जेथे अधिक माणसे, अधिक वीज आणि अधिक पैसा, तेथे मनोरा आधी उभा राहणार हे उघड आहे. वृत्तपत्रांची वाटही हीच होती. ज्या प्रदेशाकडे आधीच बरेच काही आहे, त्याच्याकडेच माहितीही आधी जाते, आणि मागासलेपण माहितीअभावी आणखी घट्ट होते.

उपग्रहाने या गणितातील अंतराचा घटकच काढून टाकला, हे साराभाईंनी ओळखले. उपग्रहाला दिल्लीचे उपनगर आणि ओरिसाच्या डोंगरातील पाडा सारखेच. एकदा तो आकाशात स्थिर झाला की दूरच्या गावी चित्र पोहोचविण्याचा प्रक्षेपण-खर्च जवळच्या गावापेक्षा अधिक नसतो. मग शहरांपासून आरंभ करण्याचे आर्थिक समर्थनच उरत नाही. उलट शहरांकडे चित्रपट, वृत्तपत्रे, ग्रंथालये आहेतच. म्हणून नव्या माध्यमावर पहिला हक्क एकाकी खेड्यांचा, अशी मांडणी त्यांनी १९६९ साली केली. देशातील साडेपाच लाखांहून अधिक खेडी त्यांच्या नजरेसमोर होती. त्याच वर्षी अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेशी उपग्रह उसना घेण्याचा करार झाला. परंतु त्याचे फळ पाहणे साराभाईंच्या नशिबी नव्हते. ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवलम येथे, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात तो प्रयोग पार पडला. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी त्यासाठी निवडली होती, आणि ती मागास टापूंतील होती: रायपूर, संबळपूर, मुझफ्फरपूर आणि आपल्या सोलापूरला लागून असलेले विजापूर व गुलबर्गा. गावातील सार्वजनिक जागी एक संच, छपरावर जाळीची मोठी छत्री. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम, सायंकाळी प्रौढांसाठी. सुट्ट्यांत याच मार्गाने हजारो प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षण झाले.

निष्कर्ष एकरंगी नव्हते. आरोग्य आणि स्वच्छता यांविषयीच्या माहितीत भर पडली, ती विशेषतः स्त्रिया आणि निरक्षर यांच्यात, म्हणजे ज्यांच्यापर्यंत छापील शब्द कधीच पोहोचला नव्हता त्यांच्यात. शेतीच्या पद्धती मात्र फारशा बदलल्या नाहीत. हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अनपेक्षित वाटू नये. पाणी, पत आणि बियाणे नसेल तेथे सल्ला एकटा काय करणार? शिवाय कार्यक्रम दिल्ली, कटक, हैदराबाद अशा ठिकाणी तयार होत, आणि काळ आणीबाणीचा होता. खेड्याने पाहायचे आणि केंद्राने बोलायचे, ही एकेरी वाट तशीच राहिली.

वर्ष संपले आणि उपग्रह परत गेला. त्या टापूंसाठी पुढे जमिनीवरील केंद्रे उभारली गेली, पण सर्व गावे त्यांच्या पल्ल्यात येत नव्हती. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत चित्र आले. १९८३ साली इन्सॅट-१ब हा आपल्या मालकीचा उपग्रह आकाशात गेला आणि साराभाईंचे स्वप्न साकार होण्याची तांत्रिक सिद्धता झाली. प्रत्यक्षात १९८४ पासून झपाट्याने उभी राहिली ती शहरे आणि मोठी गावे व्यापणारी अल्पशक्तीची सहक्षेपण केंद्रे. संच ज्याने त्याने विकत घ्यायचा आणि मालिकेचा खर्च जाहिरातदाराने उचलायचा, अशी व्यवस्था रूढ झाली. जाहिरातदार ग्राहक शोधतो. रायपूरच्या पलीकडील शेतमजूर त्याच्या हिशेबात बसत नाही. उपग्रहाने जे अंतर पुसले होते, ते क्रयशक्तीने पुन्हा आखले.

साराभाईंच्या चरित्राचा बोध येथे आहे. तंत्र अंतर नाहीसे करू शकते, अग्रक्रम ठरवू शकत नाही. तो राज्यकर्त्यांना आणि समाजाला ठरवावा लागतो. २०११ साली अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूच्या जाळ्याने जोडण्याची योजना मंजूर झाली, तेव्हा मुदत दोन वर्षांची होती. ती अनेक वेळा वाढवावी लागली. त्याच काळात शहरांमध्ये खाजगी कंपन्यांची चढाओढ चालली होती. साधन बदलले, क्रम तोच राहिला. ज्या विद्यार्थ्याचा प्रवेशअर्ज आणि ज्या शेतकऱ्याचा बाजारभाव आज याच तारांवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी हा क्रम म्हणजे केवळ सोयीचा नव्हे, संधीचा प्रश्न आहे. साराभाईंच्या पुतळ्यांना हार घालणे सोपे आहे. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या गावाला पहिला क्रमांक देणे कठीण. पण त्यांनी मागितले होते ते एवढेच.