लिफ्ट केलेल्या थारचा बुश फाटतो, त्याची गोष्ट सुरू होते के. सी. महिंद्रांपासून

नाशिकहून गाड्या भरून निघालेले ट्रेलर कसारा घाट उतरतात आणि शहापूर, पडघा करत भिवंडीजवळून मुंबईकडे जातात. त्यांच्या पाठीवर बऱ्याचदा नव्याकोऱ्या थार असतात, कारण थार बनतेच नाशिकला. भिवंडी म्हणजे गोदामांचं गाव. रात्रंदिवस कंटेनर चालणार आणि पावसाळ्यात रस्त्याचं जे होतं ते ठाणे जिल्ह्यात कुणाला वेगळं सांगायला नको. मग थारवाल्यांना गाडी उंच करायची हौस येते. दोन-तीन इंचाचा लिफ्ट किट बसतो, जाडजूड टायर चढतात, रील पडते. काही महिन्यांनी स्पीडब्रेकरवर खालून टकटक आवाज यायला लागतो, स्टेअरिंग एका बाजूला ओढायला लागतं.

गॅरेजवाला खाली वाकून बघतो आणि एका शब्दात निकाल देतो. बुश.

चाकाचा अ‍ॅक्सल किंवा सस्पेन्शनचा दांडा चेसिसला जिथं जोडतात, तिथं तो हलताही राहिला पाहिजे आणि जागाही सोडता कामा नये. या दोन उलट मागण्या जो तुकडा पूर्ण करतो तो बुश. बहुतेक गाड्यांत तो म्हणजे बाहेर लोखंडी कडी, आत लोखंडी नळी आणि मधे चिकटवलेलं रबर. हातात मावेल एवढीच वस्तू, पण गाडी सरळ चालणार की नाही हे ती ठरवते.

आता या थारचं घराणं मागं शोधत गेलं की आपण जीपपाशी पोचतो. आणि भारतातल्या जीपपाशी पोचलं की एक नाव येतं, कैलासचंद्र महिंद्रा. लोक त्यांना के. सी. महिंद्रा म्हणून ओळखतात, बरेचसे फक्त त्यांच्या नावाच्या स्कॉलरशिपमुळे.

कैलासचंद्रांचा जन्म १८९४चा, पंजाबातल्या लुधियानाचा. नऊ भावंडं. थोरले जगदीशचंद्र त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले आणि घराचा भार थोरल्यावर आला. कैलासचंद्र लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिकले, तिथून केंब्रिजला गेले. भारतात परतल्यावर कलकत्त्याच्या मार्टिन कंपनीत लागले. ही कंपनी सर राजेंद्रनाथ मुखर्जींची, कलकत्त्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल बांधणारी. मुखर्जींचा त्यांच्यावर एवढा प्रभाव पडला की पुढं त्यांनी मुखर्जींचं चरित्रच लिहिलं. उद्योगपती दुसऱ्या उद्योगपतीचं चरित्र स्वतः लिहितोय, हे आजही फारसं दिसत नाही.

तिकडे जगदीशचंद्र टाटा स्टीलमध्ये विक्री सांभाळत होते. दुसरं महायुद्ध लागलं आणि सरकारनं त्यांना देशाच्या पोलादाचं नियंत्रण दिलं. कैलासचंद्रांना १९४२मध्ये अमेरिकेत पाठवलं, वॉशिंग्टनमधल्या भारताच्या सप्लाय मिशनचे प्रमुख म्हणून. युद्धासाठी लागणारा माल अमेरिकेतून मिळवायचा, असं ते काम होतं.

याच मुक्कामात त्यांची गाठ बार्नी रूस या इंजिनिअरशी पडली. रूस म्हणजे विलिज कंपनीचे मुख्य इंजिनिअर. १९४० साली अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी हवी होती आणि पहिला नमुना द्यायला मुदत होती फक्त ४९ दिवसांची. ती मुदत बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं पाळली, पण मोठी ऑर्डर गेली विलिजला. रूस यांचं इंजिन ६० हॉर्सपॉवरचं, दमदार, पण गाडी जड. सैन्यानं वजनाची मर्यादा घातली होती साधारण ९८० किलोची. इंजिन बदलायला रूस तयार नव्हते, म्हणून त्यांनी बाकीच्या गाडीतला एकेक तुकडा उतरवून त्याचं वजन घटवलं. युद्ध संपेपर्यंत विलिज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या.

या जीपच्या पोटाखाली बघण्यासारखं बरंच आहे. पुढं-मागं अखंड अ‍ॅक्सल आणि चार कोपऱ्यांना चार पाट्यांचे संच. पाट्याचं एक टोक पिनवर पक्कं, दुसरं शॅकलवर झुलतं. हा शॅकल म्हणजे यू आकाराची आटे पाडलेली लोखंडी दांडी आणि तिचा बुशसुद्धा आट्यांचाच. रबराचा पत्ता नाही. ग्रीस निपलमधून ग्रीस भरत राहायचं, आटा आट्यावर फिरत राहतो. काही शॅकल डाव्या आट्याचे, आणि ते ओळखता यावेत म्हणून त्यांच्यावर छोटा उंचवटा. चिखलातून किंवा नदीतून गाडी काढली की पुन्हा ग्रीस द्यायचं. ते चुकवलं की पाणी-माती आत शिरते, आटे झिजतात आणि पाटा खुळखुळायला लागतो. कटकट भरपूर, पण एक फायदा मोठा होता. हे काम पाना आणि ग्रीसगन हातात असलेला कुणीही मिस्त्री झाडाखाली बसून करू शकत होता.

रस्ते कमी आणि गॅरेज त्याहून कमी असलेल्या देशात ही गोष्ट किती मोलाची होती, याचा अंदाज आज लावणं अवघड आहे.

कैलासचंद्र परतले आणि २ ऑक्टोबर १९४५ला मुंबईत कंपनी उभी राहिली. महिंद्रा अँड मोहम्मद. दोघे भाऊ आणि तिसरे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. धंदा पोलादाच्या व्यापाराचा. दोन वर्षांत फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे कंपनीच्या नावातला एक एम रिकामा राहिला. एम अँड एम छापलेली स्टेशनरी वाया जाऊ नये म्हणून १९४८मध्ये नाव महिंद्रा अँड महिंद्रा केलं, असं कायम सांगितलं जातं. किस्सा म्हणून छान आहे, पण त्या घडीला भावांसमोरचा प्रश्न लेटरहेडपेक्षा बराच मोठा होता. भागीदार गेलेला, देश नवा, आणि पोलादाच्या व्यापारावर किती दिवस काढायचे?

उत्तर विलिजकडे होतं. १९४७मध्ये जीप आणून इथं जोडायची परवानगी मिळाली होती. सुटे भाग पेटाऱ्यांतून यायचे. १९४९मध्ये मुंबईत माझगावच्या कारखान्यात पहिली जीप जोडून तयार झाली. (१९४८चा जो गाजलेला जीप घोटाळा आहे तो लंडनमार्गे झालेल्या लष्करी खरेदीचा, त्याच्याशी महिंद्रांचा संबंध नाही. दोन्हींची गल्लत नेहमी होते.)

१९५१मध्ये जगदीशचंद्र वारले. ज्या भावानं घर सांभाळलं, धंद्यात बरोबरीनं उडी घेतली, तोच गेला. तिथून पुढं बारा वर्षं कंपनीची सूत्रं कैलासचंद्रांकडे होती आणि त्यांचा खरा कस इथं लागला. परदेशी पेटारे उघडून गाड्या जोडणं सोपं आहे. तेच भाग इथं बनवायचे म्हणजे धातू, घाट, आटे, मापं सगळं आपल्याकडे जमवायचं. १९५४मध्ये विलिजबरोबर टप्प्याटप्प्यानं इथंच उत्पादन करायचं ठरलं आणि सीजे-३बी हे मॉडेल आलं, उंच बॉनेटवालं. अमेरिकेत ते १९६८ला बंद पडलं. भारतात त्याची पिढी पुढं कितीतरी वर्षं चालू राहिली. पोलीस, वनखातं, कालव्याचे सर्व्हे, निवडणुकीच्या पेट्या, सगळीकडे हीच गाडी.

गाडीपलीकडेही कैलासचंद्रांचं काम होतं. स्वातंत्र्याच्या तोंडावर देशाच्या कोळसा खाणींचा अभ्यास करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. १९५३मध्ये त्यांनी शिक्षणासाठी ट्रस्ट काढला, परदेशी शिकायला जाणाऱ्यांना त्याची स्कॉलरशिप आजही मिळते. १९६३मध्ये ते वारले. त्यांचे चिरंजीव केशुब महिंद्रा अध्यक्ष झाले ते थेट २०१२पर्यंत.

मधल्या काळात ग्रीसचे आटे जाऊन रबरी बुश आले. मिस्त्री त्याला सायलेंट ब्लॉक म्हणतात. ग्रीसची कटकट संपली, आवाज गेला. २०१०च्या थारमध्ये मागं अजून पाटे होते, पुढं टॉर्शन बार. २०२०च्या थारमध्ये पुढं-मागं कॉइल आल्या, मागचा अ‍ॅक्सल दांड्यांवर धरलेला. म्हणजे बुश वाढले, आणि लिफ्ट केल्यावर बिघडण्याच्या जागाही.

गाडी उंच केली की हे सगळे दांडे कंपनीनं ठरवलेल्या कोनाच्या बाहेर जातात. मागं पॅनहार्ड रॉड लांबीला कमी पडतो आणि अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, म्हणून लांबी बदलता येणारा रॉड लागतो. पुढं वरच्या आर्मचा बॉल जॉइंट टोकाला जाऊन अडकतो, त्यासाठी आर्मच बदलावा लागतो. हे न करता नुसती स्प्रिंग उंच केली तर ताण येतो बुशवर.

मग बुश कोणता? रबर गचके गिळतं, शांत असतं, पण चिकटवलेलं असल्यानं ठरावीक पिळापलीकडे फाटतं. पॉलीयुरेथेन जास्त टिकतं, गाडी घट्ट वाटते, पण हादरे आत येतात, ग्रीस नसेल तर करकरतं, आणि खडकावर चाक लांब खाली सोडायचं तर तेच आडवं येतं. लोखंडी गोल जॉइंट वाटेल तसा वळतो, पण धूळ-पाण्यात झिजतो आणि प्रत्येक खड्डा कानावर घालतो. सोमवार ते शुक्रवार ठाणे-भिवंडी करणाऱ्यानं सगळीकडे लोखंडी जॉइंट लावणं म्हणजे स्वतःला शिक्षा. त्याला चांगलं रबर आणि कमी लिफ्ट पुरे. नियमित ऑफरोडिंग असेल तर अ‍ॅक्सलच्या टोकाला वळणारा जॉइंट आणि चेसिसच्या टोकाला रबर, असा मेळ बरा.

बहुतेक नवे बुश फाटतात ते मात्र वेगळ्याच कारणानं. गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, आणि तशातच बोल्ट आवळला जातो. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. चिकटवलेल्या रबरी बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो चाकं जमिनीवर आणि गाडीचं वजन चाकांवर असतानाच. आणि त्याला साधं ग्रीस लावायचं नाही, रबर फुगतं. पॉलीला सिलिकॉन ग्रीस लागतं.

कायद्याचंही बघावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही आणि जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच ठणकावलंय. त्यामुळे किट विकत घ्यायच्या आधी आरटीओत चौकशी करावी.

आणि थारऐवजी कुणी जुनी विलिज हुडकून उभी करणार असेल, तर त्याला बुश निवडायचा प्रश्नच नाही. त्यानं फक्त शॅकलवर तो छोटा उंचवटा आहे का ते हातानं चाचपून बघायचं. असेल तर आटा डावा, पाना उलटा फिरवायचा.