खराट्याचा न्याय

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वलगाव लागते. उपचारासाठी अमरावतीकडे आणले जात असताना, या गावाजवळ पेढी नदीपाशी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांची प्राणज्योत मालवली. लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभारणाऱ्या या पुरुषाची स्वतःची म्हणावी अशी मिळकत एक खराटा, एक गाडगे आणि अंगावरच्या चिंध्या एवढीच होती. त्यांतील खराट्याचे स्मरण आज एका अगदी निराळ्या वादात करावेसे वाटते. नष्ट होऊ घातलेली एखादी प्राणिजात वाचविण्यासाठी दुसऱ्या जातीच्या प्राण्यांचा वध करणे नीतीला धरून आहे काय, असा तो वाद आहे. बाबांच्या हयातीत हा प्रश्न या स्वरूपात कोणी विचारला नव्हता. परंतु एका जिवासाठी दुसरा जीव घ्यावा काय, या मूळ प्रश्नाशी त्यांचा आयुष्यभर संबंध आला.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. दारूच्या व्यसनाने वडील अकाली गेले आणि आई सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूरजवळ दापुरीला माहेरी आली. गुरे चारणे, नांगर धरणे, पिकाची राखण करणे यांतच डेबूजीचे बालपण आणि तारुण्य गेले. शेतावर पाखरे हाकलीत असता एका साधूने या धान्यावर तुझी मालकी कशी, असे विचारले आणि डेबूजी विचारात पडला, अशी एक आख्यायिका सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. राखणदार पाखरांना उपद्रवी ठरवितो तेव्हा शेत आपले आहे हे त्याने आधीच गृहीत धरलेले असते.

पुढे मुलीच्या बारशाच्या वेळी जातीच्या रिवाजाप्रमाणे मांस आणि दारू यांचे जेवण देणे अपेक्षित होते. डेबूजींनी ते नाकारून पंगतीला गोडाचे जेवण वाढले. समाजाचा रोष पत्करून केलेले हे पहिले बंड होते. १९०५ साली त्यांनी घर सोडले. त्यानंतरच्या अर्धशतकातील शेकडो कीर्तनांत नवसापोटी बकरी-कोंबडी कापण्याच्या चालीवर त्यांनी वऱ्हाडी बोलीत कठोर प्रहार केले. माणूस आपली इच्छा देवाच्या नावावर टाकतो आणि तिची किंमत मात्र मुक्या जनावराकडून वसूल करतो, हा त्यांच्या टीकेचा रोख होता. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि तहानेल्याला पाणी यांच्याच रांगेत मुक्या प्राण्यांना अभय देण्याचे कर्तव्य आले आहे. या दयेला व्यवहाराची जोडही होती. मूर्तिजापूर येथे त्यांनी गोरक्षणाचे कार्य उभे केले. भाकड जनावराबद्दल हळहळणे निराळे आणि त्याच्या चाऱ्या-पाण्याची सोय करणे निराळे, हे ते जाणून होते.

आता आजचा पेच पाहावा. महाराष्ट्राच्या माळरानांवर एकेकाळी दिसणारा माळढोक पक्षी आज देशभर मिळून दीडशेच्या आसपासही उरलेला नाही. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. तरीही तो तेथून जवळजवळ नाहीसा झाला. हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो आणि माळावर हिंडणारी मोकाट कुत्री अंडी व पिल्ले फस्त करतात. कुत्र्यांमार्फत पसरणारा डिस्टेंपर रोग वन्य श्वापदांनाही ग्रासतो. २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा त्यांच्यांत या रोगाचे विषाणू सापडले होते. त्यामुळे कुत्री मारून टाकावीत, अशी मागणी अधूनमधून उठते. उलट बाजूस २००१ चे आणि नंतर २०२३ चे नियम कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचा व लसीकरणाचा मार्ग सांगतात, सरसकट हत्येचा नव्हे.

येथे बळीच्या बोकडाचे उदाहरण जसेच्या तसे लागू पडत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. बोकडाच्या मृत्यूने कोणाचाही जीव वाचत नाही. कुत्रा दूर झाल्याने एखादे अंडे खरोखर वाचू शकते. शिवाय एक कुत्रा गेला तरी कुत्र्यांची जात उरते, शेवटचा माळढोक गेला तर जातच संपते. हा युक्तिवाद पोकळ नाही आणि केवळ भूतदयेचा उच्चार करून तो खोडताही येत नाही.

परंतु कुत्री वाढली कशाने, हा प्रश्न त्याच्या आधी येतो. गावाबाहेरचे उकिरडे, उघड्यावर टाकलेले मांसाचे अवशेष आणि कुजणारी मेलेली गुरे यांवर ती पोसली जातात. एकेकाळी मेलेल्या ढोरांचा फडशा गिधाडे पाडीत. गुरांच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने, ते दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन, १९९० नंतरच्या काळात गिधाडांच्या तीन जाती जवळजवळ नामशेष झाल्या. औषध देणाऱ्यांच्या मनात दयाच होती. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. पण तोवर गिधाडांचे ताट कुत्र्यांच्या वाट्याला आले होते. माळढोकाच्या बाबतीत तर उंच वीजवाहिन्यांना धडकून होणारे मृत्यू हे ऱ्हासाचे एक प्रमुख कारण आहे. गवताळ माळ नांगरले कोणी, तारा ओढल्या कोणी, उकिरडे केले कोणी? या सर्वांचा लाभ माणसाच्या पदरात पडला आणि खर्चाचा बोजा मात्र कुत्र्याच्या नावावर मांडला जात आहे. नवसाच्या हिशेबाशी या हिशेबाचे साम्य आहे ते येथे.

गाडगेबाबांच्या कार्याला एक निश्चित क्रम होता. गावात शिरताच ते खराटा हाती घेत. रस्ते झाडीत, गटारे उपशीत. कीर्तन संध्याकाळी होई. हा क्रमच आजच्या वादात नैतिक कसोटी ठरू शकतो. अभयारण्याभोवतीच्या गावांतील उकिरडे उचलले गेले काय, मृत जनावरांची विल्हेवाट लागते काय, कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण सातत्याने होते काय, धोकादायक तारा जमिनीखाली नेल्या काय? एवढे केल्यावरही अखेरच्या घरट्यावर संकट उरले, तर कुत्री पकडून दूर नेणे आणि अगदीच निरुपाय झाल्यास अधिक कठोर उपाय योजणे, याचा विचार करण्याचा अधिकार समाजाला प्राप्त होईल. तोही दुःखाने बजावायचा अधिकार असेल. त्यात पराक्रम मानण्याजोगे काही नाही. त्याआधी उचललेली बंदूक ही स्वच्छतेचा खर्च टाळण्याची पळवाट ठरते. शिवाय उकिरडा तसाच राहिला तर रिकाम्या जागी दुसरी कुत्री येतात, म्हणजे ती पळवाटही व्यर्थच.

राज्यातील ग्रामस्वच्छता अभियानाला बाबांचे नाव आहे, अमरावतीच्या विद्यापीठालाही आहे. वलगावच्या पुलावरून जाणारे अनेकजण हात जोडतात. मात्र पुलाखालच्या पेढीच्या पात्राकडे आणि आपापल्या गावाच्या कडेला साठलेल्या ढिगांकडे पाहिले, तर मुक्या प्राण्यांच्या अभयाचे काम कोठून सुरू करावयाचे हे विचारण्याची गरज उरत नाही.