क्षमेचे पुराण सांगणारे गुरू : फादर थॉमस स्टीफन्स

पाप म्हणजे नेमके काय? प्रभू येशूने आमच्यासाठी प्राण का दिला? आणि देवाने क्षमा केली म्हणजे काय घडले? धर्मशिक्षणाच्या वर्गात हे तीन प्रश्न प्रत्येक पिढीतील मुले विचारत आली आहेत. त्यांची उत्तरे पाठ करवून घेणे सोपे, परंतु तरुण मनाला पटवून देणे कठीण. आज आपण अशा एका धर्मगुरूंचे स्मरण करणार आहोत, ज्यांनी चारशे वर्षांपूर्वी हे कठीण काम आपल्या मायमराठीत करून दाखविले. ते म्हणजे येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स.

फादर स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. तो काळ इंग्लंडमधील कॅथलिकांच्या कसोटीचा होता. राणी एलिझाबेथच्या राजवटीत पवित्र मिस्सा अर्पण करणे हा गुन्हा ठरला होता. तरुण थॉमस आणि त्यांचे ज्येष्ठ स्नेही थॉमस पाऊंड यांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचे ठरविले. परंतु निघण्यापूर्वीच पाऊंड पकडले गेले आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात फिरत राहिले. स्टीफन्स मात्र रोमला पोहोचले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. मित्राने बंदिवास पत्करला, आपल्याला मोकळी वाट मिळाली. बलिदान हा शब्द पुस्तकातून शिकण्याआधी तो त्यांच्या आयुष्यात असा आला होता.

४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बनचा किनारा सोडला आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यात उतरले. सहा महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या या प्रवासाचे वर्णन त्यांनी वडिलांना लिहिलेल्या पत्रात केले आहे. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेले पहिले इंग्रज म्हणून इतिहास त्यांची नोंद घेतो. पुढच्या वर्षी त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक साष्टीत झाली. ही साष्टी ठाणे-मुंबईकडची नव्हे, तर दक्षिण गोव्यातील मडगाव आणि राशोल ज्यात येतात तो प्रदेश. मधला थोडा काळ वसईत आणि इतरत्र गेला. तो सोडला तर १६१९ साली मृत्यू येईपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षे ते याच मातीत राबले.

१५८३ : कसोटीचे वर्ष

साष्टीतील त्यांचे आरंभीचे दिवस शांततेचे नव्हते. १५६७ साली पोर्तुगीज सत्तेने या भागातील देवळे पाडली होती आणि ती जखम लोकांच्या मनात भळभळत होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी गावात तिचा स्फोट झाला. फादर रुडोल्फ आक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती, तसेच त्यांच्याबरोबरचे काही ख्रिस्ती लोक मारले गेले. त्यांचे मृतदेह मिळवून त्यांचे विधिपूर्वक दफन व्हावे यासाठी झटणाऱ्यांत फादर स्टीफन्स होते. हे पाच जण १८९३ साली धन्यवादित म्हणून घोषित झाले. पण सत्तेने पुढे जे केले तेही आपण विसरता कामा नये. गावच्या पुढाऱ्यांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून घेऊन ठार मारण्यात आले.

क्षमेच्या शुभवार्तेचे सेवक मारले गेले आणि त्यांच्या नावाने सूड उगवला गेला. हा विरोधाभास झाकून ठेवण्यात आम्हांला काही अर्थ दिसत नाही. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी इतिहासात केलेल्या पापांबद्दल देवाकडे जाहीर क्षमायाचना केली. सत्याच्या सेवेत बळाचा वापर झाला, हेही त्या याचनेत होते. क्षमेचा संदेश देणाऱ्यालाही क्षमेची गरज असते, ही गोष्ट तरुणांपासून लपविली तर त्यांना आमचे बाकीचे बोलणे पटणार नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरी एक घटना घडली. न्यूबेरी, फिच, लीड्स आणि स्टोरी हे चार इंग्रज हेर असल्याच्या संशयावरून होर्मुझ येथे पकडले गेले आणि गोव्याच्या तुरुंगात आले. ज्या इंग्लंडने आपल्या मित्राला बेड्या घातल्या, जिथे दोनच वर्षांपूर्वी फादर एडमंड कॅम्पियन यांना फाशी देण्यात आली होती, त्याच देशाचे हे लोक. फादर स्टीफन्स यांनी पाठ फिरविली असती तर त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांनी मात्र या बंदिवानांसाठी धावपळ केली आणि डिसेंबरमध्ये ते जामिनावर सुटले. त्यांच्यातील एकाने पुढे लिहिलेल्या प्रवासवृत्तान्तात या उपकाराची नोंद केली आहे. एकाच वर्षात ज्यांनी मारलेल्या सोबत्यांचे दफन पाहिले आणि छळणाऱ्या राज्याच्या प्रजाजनांना सोडविले, त्यांच्या लेखणीला क्षमेवर लिहिण्याचा अधिकार होता.

मराठीतले ख्रिस्तपुराण

फादर स्टीफन्स येथील भाषा आदराने शिकले. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांचे ग्रीक व लॅटिनशी असलेले साम्य नोंदविले होते. कोकणी भाषेचे व्याकरण त्यांनी रचले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले. भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानले जाते. मुलांच्या व नवदीक्षितांच्या शिक्षणासाठी त्यांनी कोकणीत प्रश्नोत्तररूपी धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले. तेही मरणोत्तर, १६२२ साली, राशोल येथे प्रसिद्ध झाले.

परंतु केवळ प्रश्नोत्तरे पुरेशी नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच एक प्रसंग येतो. धर्मशिक्षण चालू असता एक नवख्रिस्ती गृहस्थ आपली अडचण मांडतात. जुनी पुराणे आम्ही सोडली, पण त्यांच्या जागी वाचायला, ऐकायला आमच्या भाषेत काही नाही, असा त्यांचा आशय. फादरांनी ही मागणी मनावर घेतली. संत एकनाथांच्या काळातील लोकांना जी ओवी कानाला परिचित होती, तिच्याच चालीवर त्यांनी तारणाची कथा गुंफली. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर, म्हणजे अध्याय, दुसऱ्याचे ५९, आणि एकूण ओव्या जवळजवळ ११,०००. १६०८ साली त्यांनी येशूसंघाच्या सरसेनापतींना पत्र लिहून येथील लिपीचे खिळे तयार करण्याची विनंती केली होती. ती फलद्रूप झाली नाही आणि १६१६ साली हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला.

पाप, बलिदान, क्षमा : तीन पायऱ्या

या ग्रंथाची मांडणी हीच एक शिकवण आहे. फादर स्टीफन्स आरंभीच क्रुसाकडे धावत नाहीत. प्रभू येशूच्या जन्मापूर्वी पूर्ण ३६ अवस्वर जातात. विश्वाची निर्मिती, दूतांचे पतन, आदाम व एवेची आज्ञाभंगाची कथा, आणि त्यानंतर तारणाऱ्याची दीर्घ प्रतीक्षा. पाप म्हणजे यादीतला एखादा नियम मोडणे एवढेच नव्हे. प्रेमळ पित्यावरचा विश्वास उडाला आणि लेकराने घर सोडले, हे त्याचे मूळ. घर सोडलेल्या माणसाला मग बायको, भाऊ, शेजारी, सारेच परके वाटू लागतात. आदामाने एवेकडे बोट दाखविले आणि काईनाने हाबेलवर हात उगारला. मुलांना आधी हे दुखणे कळू द्यावे, मग औषधाचे मोल आपोआप कळते.

दुसरी पायरी बलिदानाची. ज्या लोकांसाठी हे पुराण लिहिले गेले त्यांना बळी ठाऊक होता. देव कोपला की माणसाने काही अर्पण करून त्याला शांत करावे, ही त्यामागची समजूत. ख्रिस्ती श्रद्धेने हे सारे उलटे केले. येथे माणूस देवाला लाच देत नाही. देवच पुत्ररूपाने स्वतःला अर्पण करतो. दुसऱ्या पुराणात प्रभूच्या दुःखसहनाची कथा विस्ताराने येते, ती याच कारणासाठी. रागावलेल्या पित्याने निरपराध पुत्राला शिक्षा केली, असे चित्र काही मुलांच्या मनात असते. ते पुसून टाकणे आम्हां धर्मशिक्षकांचे कर्तव्य आहे. पिता आणि पुत्र यांचे प्रेम एकच आहे, आणि त्याच प्रेमाने क्रूस स्वीकारला.

मग एखादा चुणचुणीत युवक विचारतो, देव सर्वसमर्थ आहे, तर त्याने नुसतीच क्षमा का केली नाही? आम्ही त्याला साधे उदाहरण देतो. मित्राने तुझी मोटारसायकल मागून नेली आणि आपटली. तू त्याला क्षमा केलीस. पण गॅरेजचे बिल कोण भरणार? जो क्षमा करतो तोच ते भरतो. फुकटची क्षमा जगात नसते. ती मिळणाऱ्याला फुकट असते, देणाऱ्याला नसते. क्रूस म्हणजे देवाने स्वतःच्या खिशातून चुकती केलेली आमच्या पापांची भरपाई. उदाहरण तोकडे आहे, परंतु दार उघडण्यापुरते पुरेसे आहे.

तिसरी पायरी क्षमेची. क्षमा म्हणजे घडलेच नाही असे समजणे नव्हे. पेत्राने तीनदा नाकारले, ते प्रभू विसरला नाही. पुनरुत्थानानंतर त्याने तीनदा प्रेमाची विचारणा करून त्याला पुन्हा उभे केले. प्रायश्चित्त संस्कारात हेच घडते. आपण पाप नाव घेऊन सांगतो, ते सुधारण्याचा निश्चय करतो आणि पित्याच्या घरी परततो. आणि ज्याला क्षमा मिळाली त्याच्यावर इतरांना क्षमा करण्याची जबाबदारी येते. गोव्याच्या तुरुंगातील त्या चार इंग्रजांनी ही जबाबदारी एका धर्मगुरूच्या रूपाने चालत आलेली पाहिली.

हा वारसा कोणाचा?

१६४९ आणि १६५४ साली ख्रिस्तपुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने गोव्यात स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला. तरीही लोकांनी हस्तलिखिते जपली. मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांत या ओव्या पिढ्यान्पिढ्या गायिल्या गेल्या. १९०७ साली मंगळूर येथे जे. एल. साल्ढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला आणि १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला. जी इच्छा फादरांच्या हयातीत अपुरी राहिली, ती अशी साडेतीन शतकांनी पुरी झाली.

आज आमच्या धर्मग्रामांत इंग्रजी माध्यमात शिकणारी मुले आहेत. त्यांना पापाची व्याख्या इंग्रजीत येते, पण आजीजवळ मन मोकळे करायची भाषा वेगळी असते. क्षमा मागायची असते ती त्याच भाषेत. दूरदेशीच्या एका इंग्रज माणसाने हे जाणले आणि तो आमच्या भाषेत शिकायला बसला. म्हणून पालकांना व धर्मशिक्षकांना आमची नम्र विनंती आहे. येत्या उपवासकाळात घरी संध्याकाळच्या रोझरीनंतर ख्रिस्तपुराणातील प्रभूच्या दुःखसहनाच्या पाच-दहा ओव्या वाचाव्यात, जुने शब्द मुलांना समजावून सांगावेत आणि त्यांना मोकळेपणी प्रश्न विचारू द्यावेत. आणि त्या आठवड्यात घरात कोणाशी अबोला असेल, तर तो मोठ्यांनी आधी सोडावा. फादर स्टीफन्स यांचे याहून योग्य स्मरण दुसरे कोणते?