क्रॉफर्ड आणि मामलतदारांची साक्ष

ठाणे, डोंबिवली, कल्याणहून लोकलने मुंबईस जाणारा माणूस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून जवळच्या मंडईत खरेदीस जातो, तेव्हा तो क्रॉफर्ड मार्केटला चाललो असेच म्हणतो. मंडईला महात्मा फुले यांचे नाव देऊन बराच काळ लोटला, तरी जुने नाव सुटत नाही. ज्याच्या नावाने ही इमारत उभी राहिली त्याच्यावरच पुढे मामलतदारांकडून लाच घेतल्याचा आरोप आला, त्यासाठी चौकशी आयोग नेमला गेला आणि त्याला नोकरीस मुकावे लागले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड याचा जन्म १८३५ सालचा. १८६५ च्या कायद्यान्वये मुंबईला म्युनिसिपल कमिशनरचे पद निर्माण झाले आणि ते त्याला मिळाले. धडाडी, कल्पकता आणि हिशेबाविषयी संपूर्ण बेफिकिरी अशा तिन्ही गोष्टी त्याच्या ठायी एकत्र नांदत होत्या. शहराची सफाई, रस्ते, मंडई यांवर त्याने सढळ हाताने खर्च केला. शहर सुधारले, पण तिजोरी रिकामी झाली. १८७१ साली करदात्यांनी त्याच्याविरुद्ध चळवळ उभारली. त्या वेळी तरुण फिरोजशहा मेहतांनी त्याची बाजू घेतली. दोष व्यक्तीचा नसून पद्धतीचा आहे आणि त्यावर उपाय लोकनियुक्त सभासदांचा, असे त्यांचे प्रतिपादन होते. क्रॉफर्ड गेला आणि १८७२ च्या कायद्याने करदात्यांना प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला. मुंबईच्या नागरी स्वराज्याचा आरंभ अशा रीतीने एका उधळ्या अधिकाऱ्याच्या जमाखर्चातून झाला, हे विसरता येत नाही.

पुढे तो कोकणात कलेक्टर होता. तेथील दंतकथा त्याने आवडीने जमवल्या आणि उतारवयात त्यांचे पुस्तकही केले. मराठी मुलूख त्याला चांगला परिचित होता. हात मात्र सैल तो सैलच राहिला आणि कर्ज वाढतच गेले.

१८८८ साली तो पुण्यास मध्य विभागाचा कमिशनर होता. पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक, खानदेश हे जिल्हे त्याच्या देखरेखीखाली होते. ठाणे जिल्हा तेव्हा उत्तर विभागात असल्याने कल्याणचा मामलतदार त्याच्या कक्षेबाहेर होता. परंतु मामलतदार म्हणजे काय, हे समजण्यास कल्याणची कचेरी पुरेशी आहे. डोंबिवली तेव्हा त्या तालुक्यातील एक खेडे होते. तेथील कुळाचा सारा, तगाई, तालुक्याची तिजोरी हे सर्व मामलतदाराकडे. शिवाय तो मॅजिस्ट्रेट होता आणि १८७६ च्या मामलतदार कोर्ट कायद्याने जमिनीच्या ताब्याचे दावेही त्याच्यापुढेच चालत. खेड्यातील माणसाला सरकार आणि न्याय या दोन्ही गोष्टी त्या एकाच माणसाच्या रूपाने भेटत असत.

अशा मामलतदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या कमिशनरच्या हाती होत्या. त्यासाठी हणमंतराव नावाच्या मध्यस्थामार्फत पैसे मोजावे लागतात, हे पुण्यात उघड गुपित होते. बढतीसाठी पैसे देणारा वेगळा आणि गैरसोयीच्या तालुक्यात फेकले जाऊ नये म्हणून देणारा वेगळा, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. पण आर्थिक दृष्टीने पाहता दोघांचीही रक्कम पगारातून भरून निघणे कठीण. ती कोणाकडून तरी वसूल व्हावयाची, आणि वसुलीसाठी जवळचा माणूस म्हणजे समोर हात जोडून उभा असलेला पक्षकार. पद विकत घेतलेल्या मॅजिस्ट्रेटकडून त्याने कोणत्या न्यायाची अपेक्षा करावयाची?

गव्हर्नर लॉर्ड रे यांनी हे प्रकरण धसास लावण्याचे ठरवले. अडचण एकच होती. लाच देणाऱ्यावाचून दुसरा साक्षीदार नव्हता आणि देणारा हाही कायद्याने गुन्हेगार. तेव्हा खरे सांगणाऱ्यास अभय मिळेल असे वचन सरकारने दिले आणि मामलतदार बोलू लागले. जुलैमध्ये क्रॉफर्ड निलंबित झाला. वेषांतर करून तो पुण्याहून निसटला आणि मुंबईत पकडला गेला. ऑक्टोबरमध्ये १८५० च्या कायद्याप्रमाणे तीन सदस्यांच्या आयोगापुढे चौकशी सुरू झाली. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन हे अध्यक्ष होते.

निकाल चमत्कारिक लागला. साक्षीदार स्वतःच गुन्ह्यात सहभागी असल्याने त्यांच्या शब्दावर विसंबता येत नाही, म्हणून लाचेचा आरोप सिद्ध झाला नाही. हाताखालच्या लोकांकडून कर्जे घेतल्याचा ठपका मात्र राहिला. मुंबई सरकारला हा निष्कर्ष पूर्णपणे मान्य नव्हता. अखेर कर्जांच्या कारणावरून क्रॉफर्डला नोकरीतून दूर करण्यात आले. मध्यस्थ हणमंतरावाला तर आधीच तुरुंगवास झाला होता. घेणाऱ्यावर लाच शाबीत नाही आणि घेऊन देणारा तुरुंगात! या विसंगतीचे समाधानकारक उत्तर कोणीही दिले नाही.

यानंतर संकट आले ते साक्षीदारांवर. पदांच्या खरेदीविक्रीविरुद्ध इंग्लंडचा १८०९ सालचा कायदा होता आणि पद विकत घेणारा त्याने अपात्र ठरत असे. पार्लमेंटात व अँग्लोइंडियन वर्तमानपत्रांत ओरड झाली, की कबुली दिलेले लाचखोर न्यायासनावर बसतातच कसे? या प्रश्नात तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. पण तो विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना क्रॉफर्डविषयी असा संताप आलेला नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. टिळकांनी दुसरी बाजू मांडली. सरकारने शब्द दिला, त्यावर विसंबून लोक बोलले, आता तो शब्द मोडता येणार नाही. १ सप्टेंबर १८८९ रोजी पुण्यात यासाठी सभा भरली. शेवटी हिंदुस्थान सरकारने साक्षीदारांना खटल्यांपासून संरक्षण देणारा कायदा केला. परंतु ज्यांनी स्वखुशीने पैसे दिले होते असे ठरले, त्यांना पदावरून जावे लागले. वचन अर्धे पाळले गेले. असे अर्धे पाळलेले वचन पाहिल्यानंतर पुढील साक्षीदार कितीसा बोलेल, याचा हिशेब सरकारने केलेला दिसत नाही.

क्रॉफर्डने इंग्लंडास गेल्यावर पुण्यातील राजकारणावर आणि पोलीस खात्यावर पुस्तके लिहिली. १९११ साली तो मरण पावला.

प्रश्न मात्र त्याच्याबरोबर गेला नाही. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात, लाच दिल्याचे साक्षीत सांगणाऱ्यावर त्या कबुलीवरून खटला भरता येणार नाही, असे कलम २४ होते. २०१८ च्या दुरुस्तीने ते वगळले. आता लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सुटका आहे, मात्र सात दिवसांच्या आत तक्रार केली पाहिजे. ज्याची बदली, परवानगी किंवा निवृत्तिवेतन त्याच अधिकाऱ्याच्या टेबलावर अडकलेले आहे, त्याने सात दिवसांत तोंड उघडावे ही अपेक्षा कोणत्या अनुभवावर आधारली आहे, ते समजत नाही. १८८८ चे मामलतदार पदावर होते, सुशिक्षित होते, कायदा जाणत होते. तरीही सरकारने अभय देईपर्यंत ते बोलले नव्हते.