नाकामुरायाचे जावई : रासबिहारी बोस



परदेशात नव्याने आलेल्या कुटुंबापुढचे प्रश्न ठरलेले असतात. भाषा कशी जमणार? घर कुठे मिळणार? जेवणाचे काय? काही वर्षांनी आणखी एक प्रश्न येतो आणि तो जास्त जड असतो : इथले नागरिकत्व घेतले तर आपण आपल्या देशाचे उरतो का? शंभर वर्षांपूर्वी जपानमध्ये हे सगळे प्रश्न रासबिहारी बोस यांच्यापुढे उभे राहिले, तेही मागे पोलीस लागलेले असताना.

बंगालमध्ये १८८६ साली जन्मलेले रासबिहारी डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत कारकून होते. १९१२ साली दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावर बाँब पडला, त्या कटाचे ते सूत्रधार. फेब्रुवारी १९१५ मध्ये लष्करात उठाव करण्याची त्यांची योजना फसली. त्यात त्यांचा उजवा हात होते आपले तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे. पिंगळे मेरठच्या छावणीत पकडले गेले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला फासावर चढले. रासबिहारी त्याआधीच, मे महिन्यात, टागोरांचे नातेवाईक असल्याचे भासवून कोलकात्याहून जहाजाने जपानला निघाले होते.

इंग्रजांनी त्यांचा माग काढला. जपान तेव्हा इंग्लंडचा दोस्त होता. नोव्हेंबरअखेर पाच दिवसांत देश सोडण्याचा हुकूम आला. तेव्हा तोयामा मित्सुरू या वजनदार नेत्याच्या मदतीने ते शिंजुकूतल्या 'नाकामुराया' या बेकरीत पोहोचले. मालक सोमा आइझो आणि त्यांच्या पत्नी कोक्को यांनी दुकानामागच्या चित्रकाराच्या खोलीत त्यांना लपवले. कोक्कोबाईंना इंग्रजी येत होते, म्हणून निदान बोलता तरी येत होते. दुकानातल्या नोकरांनीही गुपित राखले. काही महिन्यांनी सरकारने हुकूम मागे घेतला, पण इंग्रजांचे हेर मागे होतेच. घरे बदलणे सुरू राहिले.

१९१८ साली सोमांची थोरली मुलगी तोशिको हिच्याशी त्यांचे लग्न झाले. हे स्थळ तोयामांनी सुचवले होते. अशा माणसाशी संसार म्हणजे लपतछपत जगणे, हे ठाऊक असून तिने होकार दिला. एक मुलगा झाला, एक मुलगी झाली. रासबिहारी जपानी इतके चांगले शिकले की पुढे त्यांनी त्या भाषेत पुस्तके लिहिली. १९२३ साली त्यांना जपानी नागरिकत्व मिळाले आणि इंग्रजांच्या हाती पडण्याची भीती संपली. कुटुंब उजळ माथ्याने राहू लागले. पण हे सुख दोनच वर्षे टिकले. १९२५ साली, तिशीही न गाठता, तोशिको गेली.

सासऱ्यांशी नाते मात्र तुटले नाही. १९२७ साली नाकामुरायाने उपाहारगृह काढले, तेव्हा जावयाने आग्रह धरला की करी भारतीय पद्धतीचीच हवी. जपानमध्ये करी इंग्लंडमार्गे आली होती. ती पीठ लावून दाट केलेली असे. यांनी हाडासकट कोंबडी आणि खरे मसाले वापरायला लावले. सुरुवातीला गिऱ्हाइकांना तो उग्र वास सोसेना. मग भातासाठी तांदूळ जपानी निवडला, मसाला मात्र भारतीयच ठेवला. साधी करी दहा-बारा सेनला मिळत असताना ही ८० सेनला असूनही खपू लागली.

नागरिकत्व बदलले म्हणून त्यांचे काम थांबले नाही. १९४२ मध्ये त्यांनी पूर्व आशियातल्या भारतीयांना इंडियन इंडिपेंडन्स लीगच्या झेंड्याखाली एकत्र आणले. १९४३ मध्ये सिंगापूरला सारी सूत्रे सुभाषबाबूंच्या हाती दिली. २१ जानेवारी १९४५ रोजी टोकियोत त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्य त्यांना पाहता आले नाही. त्यांचा मुलगा मासाहिदे त्याच वर्षी ओकिनावाच्या लढाईत जपानी सैनिक म्हणून कामी आला. बापाचा देश एक, मुलाचा दुसरा. परदेशात रुजण्याची ही किंमतही आपण लक्षात ठेवायला हवी.

नागरिकत्वाच्या अर्जावर सही करताना ज्यांचा हात क्षणभर थबकतो, त्यांनी रासबिहारींची १९२३ नंतरची वीस वर्षे जरूर आठवावीत. आणि शिंजुकूला गेलात तर मुलांना नाकामुरायात न्या. ती करी तिथे आजही मिळते. ताट येईपर्यंत तोशिको आणि पिंगळे, दोघांचीही गोष्ट सांगून होईल.